कात्रीची करामत : लॉटे रायनिगर

मुलांनो, रात्री अभ्यासाला बसावे आणि नेमके दिवे जावेत, असा अनुभव तुम्हां सर्वांना असेल. आई मेणबत्ती लावते. पुस्तक बाजूला राहते आणि आपले लक्ष भिंतीकडे जाते. दोन्ही हातांचे पंजे एकमेकांत अडकवले, की भिंतीवर हरिण उभे राहते. बोटे हलवली, की कुत्रा तोंड उघडतो आणि मिटतो. धाकटी भावंडे खिदळू लागतात. मग दिवे येतात. हरिणही जाते, कुत्राही जातो आणि आपण तो खेळ विसरून जातो.

जगात एक बाई अशी होऊन गेली, जी हा सावल्यांचा खेळ कधीच विसरली नाही. कात्री, काळा कागद आणि दिवा एवढ्या भांडवलावर तिने साठ वर्षे चित्रपट बनवले. तिचे नाव लॉटे रायनिगर. तुम्ही घरी ज्या अलिफ लैलाच्या गोष्टी ऐकता, त्यांतील एका शहजाद्यावर तिने कार्टूनचा मोठा चित्रपट केला, तोही १९२६ साली. त्या वेळी मिकी माउसचा जन्मसुद्धा झालेला नव्हता. तरीही आज कार्टून म्हटले, की आपल्याला डिस्नेचे नाव आठवते. लॉटेचे नाव फारच थोड्यांना ठाऊक असते. म्हणून आज तिची ओळख करून घेऊ.

लॉटेचा जन्म २ जून १८९९ रोजी जर्मनीची राजधानी बर्लिन येथील शार्लोटनबुर्ग भागात झाला. तिचे वडील बँकेच्या व्यवसायात होते. त्या काळी जर्मनीत काळ्या कागदातून माणसांच्या व झाडापानांच्या आकृती कापण्याची कला घरोघरी माहीत होती. अशा आकृतीत नाक, डोळे, कपडे यांचा तपशील नसतो. फक्त बाहेरची कड असते. तरीसुद्धा पाहणाऱ्याला माणूस चटकन ओळखू येतो. लॉटेच्या हाती लहानपणीच कात्री आली आणि तिची बोटे सफाईने चालू लागली. इतर मुले आधी पेन्सिलीने चित्र काढून मग ते कापत. लॉटे मात्र सरळ कात्रीनेच चित्र काढी.

तिने घरीच एक छोटे सावल्यांचे नाट्यगृह तयार केले. पांढऱ्या पडद्यामागे दिवा ठेवायचा, पुठ्ठ्याच्या बाहुल्या नाचवायच्या आणि घरच्या मंडळींना शेक्सपिअरची नाटके दाखवायची, हा तिचा आवडता उद्योग होता.

मुलांनो, सावल्यांचा हा खेळ काही जर्मनीने शोधून काढलेला नाही. चीन आणि जावा बेटात तो फार जुना आहे. तुर्कस्तानात करागोझ नावाच्या विनोदी पात्राचे सावल्यांचे खेळ रमजानच्या रात्री रंगत असत. आपल्या महाराष्ट्रातही सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजाचे कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. लॉटेने या जुन्या खेळाला सिनेमाच्या नव्या यंत्राची जोड दिली. तिचे मोठेपण यातच आहे.

सिनेमा त्या वेळी नुकताच जन्माला आला होता. पडद्यावर माणूस अदृश्य होतो, वस्तू आपोआप हलतात, हे पाहून लॉटे थक्क होई. १९१५ साली तिने पाउल वेगेनर या प्रसिद्ध अभिनेत्याचे एक व्याख्यान ऐकले. सिनेमाच्या यंत्राने कोणकोणते चमत्कार दाखवता येतील, हा त्याचा विषय होता. सोळा वर्षांच्या लॉटेने त्याच दिवशी मनाशी ठरवले, की आपण या माणसाच्या हाताखाली काम करायचे.

पण एवढ्या मोठ्या माणसापर्यंत पोहोचायचे कसे? लॉटेने आई-वडिलांची समजूत घातली आणि वेगेनर ज्या नाट्यसंस्थेत काम करत असे, तिच्या अभिनयशाळेत नाव घातले. मोठ्या भूमिका तिला कोण देणार? ती पडद्याआड उभी राहून नटनट्यांच्या हुबेहूब आकृती कापत बसे. नट खूश होत. हळूहळू ही कागदे वेगेनरच्या नजरेस पडली. त्याने या मुलीचे हुन्नर ओळखले आणि तिला काम दिले.

१९१८ साली वेगेनर एका बासरीवाल्याच्या गोष्टीवर चित्रपट करत होता. हा बासरीवाला बासरी वाजवतो आणि गावातले सारे उंदीर त्याच्यामागून चालू लागतात. गोष्ट सोपी होती, पण खरे प्राणी काही केल्या ऐकेनात. ते वाट फुटेल तिकडे पळू लागले. शेवटी लाकडाचे उंदीर करण्यात आले. एक उंदीर बोटभर पुढे सरकवायचा, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायचा, पुन्हा चित्र घ्यायचे, असे काम सुरू झाले. या कामात लॉटेचा हात होता. पडद्यावर ते लाकडी उंदीर तुरुतुरु चालू लागले. निर्जीव वस्तूला जिवंत कसे करावे, याची किल्ली लॉटेच्या हाती आली.

पुढच्याच वर्षी ती बर्लिनमधील काही प्रयोगशील तरुणांच्या संस्थेत दाखल झाली. तेथे १९१९ साली तिने आपला पहिला छोटा छायाचित्रपट केला. तेथेच तिची कार्ल कॉख या तरुणाशी ओळख झाली. १९२१ साली त्यांचे लग्न झाले. कार्ल कॅमेरा सांभाळी आणि लॉटे बाहुल्या. ही जोडी पुढे बेचाळीस वर्षे टिकली. आता लॉटेच्या लॉटेबाई झाल्या होत्या.

यानंतर एक विचित्र योग आला. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरला होता आणि देशात भयंकर महागाई झाली होती. युद्धापूर्वी एका अमेरिकन डॉलरला सुमारे चार मार्क मिळत. १९२३ च्या नोव्हेंबरात त्याच एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागू लागले. सकाळी हातात आलेल्या पगाराला संध्याकाळी किंमत उरत नसे. ज्यांच्याकडे पैसा होता, ते नोटा जवळ ठेवण्याऐवजी वस्तू विकत घेऊन ठेवत. लुइस हागेन नावाच्या एका बँकमालकाने अशीच सिनेमाची कोरी फिल्म मोठ्या प्रमाणात घेऊन ठेवली होती. त्याने लॉटेबाईंची छोटी कामे पाहिली होती. या फिल्मवर तासाभराचा मोठा छायाचित्रपट करावा, असे त्याने सुचवले.

कार्टून म्हणजे पाच-दहा मिनिटांची गंमत, अशीच तेव्हा लोकांची समजूत होती. सावल्यांकडे कोणी तासभर पाहत बसेल, यावर अनेकांचा विश्वास बसेना. पण चोवीस वर्षांच्या लॉटेबाईंनी हे आव्हान स्वीकारले. त्यांनी विषय निवडला अलिफ लैलाचा. चित्रपटाचे नाव होते ‘शहजादा अहमदची साहसे’.

या गोष्टीचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे. सीरियातील हलब शहरचा हन्ना दियाब नावाचा एक तरुण १७०९ साली पॅरिसमध्ये होता. त्याने आंत्वान गालां या फ्रेंच विद्वानाला अनेक गोष्टी सांगितल्या. अलादीनची, अलीबाबाची आणि शहजादा अहमद व परी बानूची गोष्ट त्यांतच होती. गालांने त्या फ्रेंच भाषेत लिहून अलिफ लैलाच्या आपल्या ग्रंथात घातल्या. मूळ गोष्टीत अहमद हा हिंदुस्थानच्या सुलतानाचा धाकटा मुलगा आहे. म्हणजे गोष्ट हिंदुस्थानच्या शहजाद्याची, सांगणारा हलबचा, लिहिणारा पॅरिसचा आणि तिला पडद्यावर आणणारी बर्लिनची! गोष्टींना पासपोर्ट लागत नाही, हेच खरे.

लॉटेबाईंनी या गोष्टीत इतर गोष्टींचे धागे विणले. एक दुष्ट जादूगार खलिफाच्या दरबारात उडता घोडा घेऊन येतो. शहजादा अहमद त्यावर बसतो आणि घोडा ढगांत जातो. खाली कसे उतरायचे, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसते. फिरत फिरत तो वाकवाक बेटांवर पोहोचतो. तेथे त्याला परी बानू भेटते. पुढे जादूगार कपट करतो. अहमदच्या मदतीला अग्निपर्वतावरची एक चेटकीण येते. ती दिसायला कुरूप, पण मनाने चांगली असते. तिची आणि जादूगाराची झुंज तर पाहतच राहावी अशी आहे. दोघेही क्षणाक्षणाला रूप बदलतात. कधी सिंह, कधी साप, तर कधी विंचू. रूप बदलणाऱ्या या सावल्या लॉटेबाईंनी केवळ कात्रीने निर्माण केल्या.

हे काम कसे चाले, ते आता नीट समजून घ्या. बर्लिनजवळच्या पोट्सडाम गावी हागेनचे घर होते. त्या घराच्या गॅरेजवर एक बुटका माळा होता. तोच यांचा स्टुडिओ. एका टेबलावर काच बसवलेली होती. काचेखाली दिवा आणि वर, टेबलाकडे तोंड केलेला कॅमेरा. माळ्याचे छप्पर इतके खाली होते, की उभे राहून काम करणे कठीणच.

काळा पुठ्ठा आणि शिशाचा पातळ पत्रा यांपासून बाहुल्या केलेल्या होत्या. डोके, मान, खांदा, कोपर, मनगट, कंबर, गुडघा असे प्रत्येक अवयव वेगळे कापून बारीक तारेने जोडलेले असत. त्यामुळे बाहुलीचा प्रत्येक सांधा हलवता येई. समजा, अहमदला सलाम करायचा आहे. बाहुली काचेवर ठेवायची, तिचा हात किंचित उचलायचा आणि एक चित्र घ्यायचे. हात आणखी किंचित उचलायचा, पुन्हा एक चित्र घ्यायचे. एका सेकंदासाठी अशी २४ चित्रे लागत. म्हणजे मिनिटाला १४४० चित्रे झाली. मधेच कोणाचा धक्का लागून बाहुली सरकली, की ते दृश्य पुन्हा पहिल्यापासून!

मुलांनो, तुमचा हिशोब पक्का असेल, तर पुढचे आकडे पाहा. १९२३ ते १९२६ या तीन वर्षांत सुमारे अडीच लाख चित्रे घेतली गेली. त्यांतली सुमारे ९६ हजार चित्रे चित्रपटात वापरली गेली. बाकीची दीड लाखांवर चित्रे बाजूला पडली. तीन वर्षांच्या मेहनतीतून पडद्यावर आला तो जेमतेम सव्वा तासाच्या आतला खेळ.

या कामात मोजकेच साथीदार होते. वॉल्टर रुटमन जादूचे चमत्कार तयार करी. बेर्टोल्ड बार्टोश पातळ कागदांच्या थरांतून समुद्राच्या लाटा उठवी. काचेचे थर एकावर एक ठेवून पुढची बाहुली आणि मागचा देखावा वेगवेगळे ठेवण्याची युक्तीही या माळ्यावर वापरली गेली. त्यामुळे चित्राला खोली आली. डिस्नेच्या स्टुडिओने या युक्तीचे मोठे यंत्र १९३७ च्या सुमारास वापरले. त्याआधी दहा वर्षांहून अधिक काळ गॅरेजवरच्या माळ्यात ही युक्ती वापरात होती.

चित्रपट मूक होता. त्याच्यासाठी वोल्फगांग त्सेलर या संगीतकाराने खास संगीत रचले. २ मे १९२६ रोजी बर्लिनमध्ये पहिला खेळ झाला. त्याच वर्षी तो पॅरिसला दाखवला गेला आणि तेथे लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. लॉटेबाईंचे नाव युरोपभर झाले. त्या वेळी त्यांचे वय होते अवघे सत्तावीस वर्षांचे.

इथेच गोष्ट संपली असती, तर किती बरे झाले असते! पण खरा कस पुढेच लागायचा होता. बोलपट आले आणि मूक चित्रपटांचे दिवस संपले. त्यापेक्षा मोठे संकट १९३३ साली आले. जर्मनीत हिटलरची सत्ता आली. लॉटेबाई आणि कार्ल यांना ती राजवट मान्य नव्हती. त्यांच्या अनेक ज्यू मित्रांचा छळ होत होता. दोघांनी देश सोडण्याचे ठरवले. परंतु कोणताही देश त्यांना कायम राहू देईना. व्हिसाची मुदत संपली, की सामान बांधायचे आणि दुसऱ्या देशात जायचे. कधी लंडन, कधी पॅरिस, कधी रोम. अशी कित्येक वर्षे गेली. घर नाही, स्टुडिओ नाही, उद्याची शाश्वती नाही. पण कात्री बरोबर होती. या वणवणीतही त्यांनी सुमारे डझनभर छोटे चित्रपट पुरे केले.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात त्यांना आजारी आईच्या सेवेसाठी बर्लिनला परतावे लागले. ज्या राजवटीपासून त्या दूर गेल्या होत्या, तिच्याच सावलीत त्यांना काही काळ काम करावे लागले. शहरावर बॉम्ब पडत होते. १९४५ साली बर्लिनच्या लढाईत ‘शहजादा अहमद’ची मूळ फिल्म नष्ट झाली. तीन वर्षांच्या मेहनतीची मूळ प्रत युद्धाने क्षणात गिळली.

अशी वेळ एकट्या लॉटेबाईंवरच आली असे नाही. अर्जेंटिना देशात किरिनो क्रिस्तियानी या कलावंताने १९१७ सालीच मोठे कार्टून केले होते. त्याच्या प्रती आगीत जळाल्या. आज ते कोणालाच पाहता येत नाही. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा छोटा चित्रपट केला होता. त्यात आगपेटीतल्या काड्या हलवून गंमत दाखवली होती. तोही आज उपलब्ध नाही. अशा चित्रपटांचे फक्त नाव उरते.

‘शहजादा अहमद’ मात्र वाचला. त्याची एक जुनी, रंगांच्या छटा दिलेली प्रत लंडनच्या चित्रपट संग्रहालयात शिल्लक होती. कोणीतरी ती नीट जपून ठेवली होती. तिच्या आधारे जर्मनीतील फ्रांकफुर्टच्या चित्रपट संग्रहालयाने १९९९ साली हा चित्रपट पुन्हा त्याच्या मूळ रंगछटांत तयार करून घेतला. मोठ्या लांबीच्या कार्टून चित्रपटांत आज पाहायला मिळणारा सर्वांत जुना चित्रपट हाच होय. डिस्नेचा ‘स्नो व्हाइट’ त्यानंतर अकरा वर्षांनी, १९३७ साली आला.

युद्धानंतर १९४९ साली लॉटेबाई आणि कार्ल लंडनला गेले. पन्नाशीला आलेल्या बाईंनी नव्या देशात, नव्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांच्या मदतीला कोण धावून आले असेल? त्याच हागेन बँकमालकाचा मुलगा! लहानपणी त्याने आपल्या घराच्या गॅरेजवर शहजाद्याचा घोडा उडताना पाहिला होता. ज्यू असल्यामुळे त्याच्या घराण्यालाही हिटलरच्या राज्यात फार सोसावे लागले होते. १९५३ साली या मुलाच्या साथीने लंडनमध्ये नवी संस्था निघाली. तेथे लॉटेबाईंनी टेलिव्हिजनसाठी परीकथांचे अनेक छोटे चित्रपट केले. ‘अलादीन’ आणि करकोचा बनलेल्या खलिफाची गोष्ट हेही त्यांत होते. १९५५ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्यांच्या एका चित्रपटाला बक्षीसही मिळाले.

१९६३ साली कार्ल वारले. आयुष्यभर कॅमेऱ्यामागे उभा असणारा साथीदार गेला. लॉटेबाईंनी बरीच वर्षे चित्रपट केला नाही. पण आपली विद्या त्यांनी दडवून ठेवली नाही. १९७० साली त्यांनी एक पुस्तक लिहिले. बाहुली कशी कापावी, सांधे कसे जोडावेत, दिवा कोठे ठेवावा, हे सारे त्यांनी त्यात मोकळेपणाने सांगितले. बरेच कारागीर आपली युक्ती कोणाला सांगत नाहीत. लॉटेबाईंनी ती सर्वांना वाटून टाकली.

मायदेशालाही त्यांची आठवण झाली. १९७२ साली जर्मनीने चित्रपटसेवेबद्दल त्यांचा गौरव केला. त्यानंतर कॅनडातून बोलावणे आले. सत्तरी ओलांडलेल्या बाई तेथे गेल्या आणि पुन्हा कात्री चालू लागली. त्यांचा कॅनडातला शेवटचा मोठा छायाचित्रपट १९७९ साली पुरा झाला. १९ जून १९८१ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, जर्मनीतील डेटेनहाउझन या गावी त्यांचे निधन झाले.

मुलांनो, लॉटेबाईंच्या आयुष्याकडे पाहा. पैशाची किंमत एका रात्रीत नाहीशी होताना त्यांनी पाहिली. देश सुटला, घर सुटले आणि आपल्या सर्वांत मोठ्या कामाची मूळ फिल्मही गेली. पण बोटांतले हुन्नर कोणत्याही सरकारला हिरावून घेता आले नाही. जेथे गेल्या तेथे त्यांनी कागद मागितला, दिवा लावला आणि काम सुरू केले.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. अडीच लाख चित्रे काढणारे हात जितके मोलाचे, तितकेच ती एक जुनी प्रत जपून ठेवणारे हातही मोलाचे. तुमच्या घरी आजोबांची वही असेल, जुना फोटो असेल, नानीच्या तोंडी एखादी गोष्ट असेल. ती जपून ठेवा, लिहून ठेवा. आज क्षुल्लक वाटणारी वस्तू उद्या एकुलती एक ठरू शकते.

आता पुढच्या वेळी रात्री दिवे गेले, तर कंटाळू नका. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यातून एक घोडा कापा. दोऱ्याने त्याचे पाय जोडा आणि मेणबत्तीपासून जरा दूर धरून भिंतीवर त्याची सावली पाडा. घोडा जरासा हलवा. बघा, तो उडतो का!

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लॉटे रायनिगर यांचा जन्म कोठे व केव्हा झाला?
(आ) हन्ना दियाब कोणत्या शहराचा राहणारा होता?
(इ) ‘आगकाड्यांची मौज’ हा चित्रपट कोणी केला?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) बासरीवाल्याच्या चित्रपटात लाकडाचे उंदीर का करावे लागले?
(आ) हागेन यांनी कोरी फिल्म का घेऊन ठेवली होती?
(इ) ‘शहजादा अहमद’ची मूळ फिल्म नष्ट होऊनही चित्रपट कसा वाचला?

३. वाक्यांत उपयोग करा.
डोक्यावर घेणे, वाट फुटेल तिकडे पळणे, कस लागणे, हिरावून घेणे.

४. एका सेकंदाला २४ चित्रे लागतात, तर पाच मिनिटांच्या चित्रपटाला किती चित्रे लागतील, ते काढा.

५. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या, जपून ठेवलेल्या वस्तूविषयी दहा ओळी मराठीत लिहा.